खुब्याचा कोन: एक्स-रेवर आम्ही नेमकं काय मोजतो

हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘दोन्ही खुब्यांचा फोटो, कोन मोजून’ असं लिहिलं की काउंटरवर हमखास विचारणा होते: फोटो काढला की झालं, कोन कशाला? म्हणून हा कागद.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. वाटीला वरून छप्पर असतं आणि उभं राहिलं की अंगाचा भार त्या छपरातून गोळ्यावर येतो. आपल्या खान्देशातली जुनी घरं धाब्याची, कोकणातली उतरत्या कौलांची. खुब्याचं छप्पर धाब्याकडे झुकणारं हवं. ते कौलासारखं उतरतं असलं तर गोळा हळूहळू बाहेर आणि वर सरकू लागतो. हा उतार नजरेने ठरवता येत नाही, रेघा मारून अंशांत मोजावा लागतो.

तान्ह्या बाळाच्या वाटीच्या तळाशी कूर्चा, म्हणजे मऊ हाड असतं, फोटोत तिथे फट दिसते. दोन्ही बाजूंच्या फटींतून एक आडवी रेघ मारायची आणि दुसरी छपराच्या कडेने. मधला कोन जन्माच्या वेळी साधारण ३० अंशांच्या आत असावा. पुढे तो कमी होत जातो आणि दोन वर्षांपर्यंत २० च्या आसपास येतो. बाळाची जन्मतारीख आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो ती यासाठीच. चार महिन्यांच्या आतल्या बाळाचा गोळाही कूर्चेचाच असतो, फोटोत उमटत नाही. तेव्हा सोनोग्राफी बरी.

पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात आणि पायाळू मुलाचं कौतुक होतं. कौतुक जरूर करा, पण पायाळू बाळाचा खुबा तपासून घ्याच. त्यातही मुलगी असेल किंवा घरात कुणाला खुबा सरकण्याचा त्रास असेल तर चालढकल नको. लवकर कळलं तर पट्ट्यांवर भागतं, मूल चालायला लागल्यावर कळलं तर बहुतेकदा ऑपरेशन करावं लागतं. बाळाचे पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळू नका. कडेवर घ्यायची आपली पद्धत खुब्याला चांगली, पाय फाकलेले राहतात.

मोठ्या माणसात आम्ही मुख्यतः स्वीडनच्या गुन्नार विबर्ग यांनी १९३९ साली मांडलेला कोन मोजतो. गोळ्याच्या मध्यातून एक रेघ सरळ वर, दुसरी छपराच्या बाहेरच्या टोकापर्यंत. वळचण गोळ्यावर किती पुढे आली आहे, ते यावरून कळतं. २५ अंशांच्या वर असेल तर ठीक, २० ते २५ सीमेवरचा, २० च्या खाली म्हणजे वाटी उथळ. ४० च्या वर गेला तर छप्पर जास्तच पुढे आलेलं असतं आणि पाय वाकवताना हाडावर हाड टेकू शकतं.

आता आमच्या कामाचं. कोन बिघडतो तो बहुतेक वेळा रेघ मारताना नाही, टेबलावर झोपवताना. कंबर जराशी कलली तरी एका बाजूचा आकडा वाढतो, दुसऱ्या बाजूचा घटतो. म्हणून कंबर सरळ ठेवतो. पायाचे अंगठेही साधारण १५ अंश आत वळवून आम्ही पट्टीने धरून ठेवतो. फोटो आल्यावर आधी माकडहाडाचं टोक कमरेच्या हाडाच्या पुढच्या सांध्याच्या रेषेत आहे का आणि कमरेच्या हाडातली दोन्ही भोकं सारखी दिसतात का, ते बघतो. नसतील तर त्यावर कोन मोजत नाही. पुन्हा झोपवलं म्हणून रागावू नका. इतकं करूनही दोन जणांच्या मोजणीत दोन-चार अंशांचा फरक पडतो, तेवढ्याने घाबरू नका.

कोन बरोबर आला म्हणजे खुबा निरोगीच, असंही नाही. आपल्याकडे, विशेषतः नंदुरबार भागात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. त्या आजारात गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि सुरुवातीला साधा फोटो स्वच्छ दिसतो. तेव्हा डॉक्टर एमआरआय सांगतात. उलट गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचेच फोटो काढत राहतात आणि दुखणं असतं खुब्याचं. जांघेतही दुखत असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

येताना जुने फोटो आणा, खराब झालेले असले तरी चालतील. बाळाचा करदोडा घरीच सोडून ठेवा. त्यातला चांदीचा मणी नेमका खुब्यावर येतो. बाळाला धरायला घरातलं एक माणूस लागतं, त्याला आम्ही शिशाचा एप्रन देतो. मात्र दिवस गेलेली बाई नको. नुसती शंका असली तरी आधी सांगा.