कार्ड पेमेंटवरचा एमडीआर आणि त्याचं नियमन

एमडीआर म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट. नावात डिस्काउंट असलं तरी सूट-बिट काही नाही, कार्डने पैसे घेतले म्हणून दुकानदाराच्याच रकमेतून बँक जे कापते ते हे. दादरला कोणी ५,००० ची साडी क्रेडिट कार्डवर घेतली आणि रेट २ टक्के असला तर १०० रुपये एमडीआर, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून १८, आणि सेटलमेंट होऊन दुकानाच्या खात्यात येतात ४,८८२.

ह्या शंभरातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात, थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारख्या नेटवर्कला आणि उरलेला जिने मशीन बसवलं त्या बँकेला. आपले रिवॉर्ड पॉइंट आणि एअरपोर्टचं लाउंज बऱ्याच अंशी ह्यातूनच निघतं. नियमन लागतं ते अशासाठी की नेटवर्कांना बँका आपल्याकडे ओढायच्या असतात, जो जास्त इंटरचेंज देईल त्याचं कार्ड बँक पुढे करते, म्हणजे स्पर्धेने भाव उतरायच्या ऐवजी चढतो, आणि भरणारा दुकानदार ह्या बोलणीत कुठेच नसतो.

बाहेरच्या देशांनी मुख्यतः इंटरचेंजलाच हात घातला. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये सुरुवात केली, अमेरिकेत २०१० च्या डर्बिन नावाच्या कायदादुरुस्तीने मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांच्या इंटरचेंजला मर्यादा आली, युरोपियन युनियनने २०१५ मध्ये डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्के ठरवून टाकलं.

आपल्याकडे फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने सरळ एमडीआरलाच कमाल मर्यादा घातली, पण फक्त डेबिटच्या. २०१२ मध्ये २,००० पर्यंत ०.७५ टक्के आणि त्यावर १ टक्का असं ठरलं. नोटबंदीनंतर जानेवारी २०१७ पासून छोट्या व्यवहारांना आणखी कमी, १,००० पर्यंत ०.२५ आणि पुढे २,००० पर्यंत ०.५. मग १ जानेवारी २०१८ पासून हिशोबच बदलला, बिल केवढ्याचं ह्यापेक्षा दुकान केवढं हे बघायला लागले: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही, त्याहून मोठ्यांना ०.९० टक्के आणि कमाल १,०००. म्हणजे झवेरी बाजारात दीड लाखाचा दागिना डेबिटवर घेतला तर ०.९० ने १,३५० होतात पण सराफाचे जास्तीत जास्त १,००० जातात, अधिक जीएसटी. तेच गिऱ्हाईकाने क्रेडिट कार्ड काढलं तर २ टक्क्यांनी ३,००० आणि वर ५४० जीएसटी, आणि सोन्यात मार्जिन किती असतं ते सराफाला विचारा. म्हणून तर काउंटरवर पहिला प्रश्न असतो, “डेबिट आहे का क्रेडिट?”

क्रेडिटला आपल्याकडे अशी मर्यादाच नाही, रेट बँक आणि दुकानदार आपसात ठरवतात. मोठी मॉलवाली चेन घासाघीस करून घेते, गल्लीतला स्टेशनरीवाला सांगतील तो रेट घेतो आणि वर मशीनचं भाडं असेल तर तेही भरतो.

१ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर एमडीआर शून्य झाला, त्यासाठी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात कलम १०ए घातलं गेलं. त्यामुळे गंमत अशी की एकाच बँकेची दोन डेबिट कार्डं, एकावर शून्य आणि दुसऱ्यावर व्हिसा लिहिलंय म्हणून ०.९० पर्यंत कटिंग. अर्थात शून्य म्हणजे फुकट नव्हे, सर्व्हर आणि माणसं चालवायचा खर्च आहेच, तो बँकांच्या अंगावर येतो आणि सरकार इन्सेंटिव्ह स्कीममधून थोडा भरून देतं, २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांकडच्या २,००० पर्यंतच्या यूपीआय पेमेंटला ०.१५ टक्के ठेवले होते. बँकांची कुरकुर ह्यावरूनच चालू असते आणि ती अगदीच खोटी आहे असं म्हणवत नाही.

डेबिटचा एमडीआर गिऱ्हाईकाच्या माथी मारायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या सर्क्युलरमध्ये बँकांना बजावलंय, दुकानदारांकडून तसं होणार नाही हे त्यांनी बघायचं. प्रत्यक्षात? एका दुकानात माझं डेबिट कार्ड बघून मालक म्हणाले, “कार्डला दोन टक्के एक्स्ट्रा हां, नायतर जीपे करा.” नियम सांगितला तर मशीनला रेंज नाही म्हणाले.

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंत ते फुकट, त्याच्या वर कटिंग चालू, आणि क्यूआरचा स्टिकर मात्र तोच, गल्ल्याशेजारी चिकटवलेला.