वाइन टेस्टिंगचे घोट आणि परतीची गाडी

नाशिकचे द्राक्षमळे पाहायला निघालेल्यांना हमखास सांगितलं जातं: ‘टेस्टिंगला नुसते घोट असतात, वर कॉफी घेतली की उतरतं. गाडी खुशाल चालवा.’

घोट लहान दिसतो, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण हिशोब करून पाहा. एका चवीला साधारण ३० मिली ओततात. पाच वाइन चाखल्या की १५० मिली, म्हणजे चांगला एक ग्लास. अल्कोहोलचं प्रमाण बाटलीवरच छापलेलं असतं. ते १३ टक्के असेल तर पोटात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्येसुद्धा याहून थोडं कमीच असतं! गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाला ती ओलांडायला एवढं पुरू शकतं. मग दुसरी वायनरी बाकी असेल तर विचारायलाच नको.

कॉफीने झोप उडते, रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. ते यकृत आपल्याच गतीने काढतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. पोटभर जेवलात तर सावकाश चढतं, इतकंच.

चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, नसेल तर मागा. जाणकारही तेच करतात. आणि कसारा घाट उतरायचा असेल तर चालक सकाळीच ठरवा, त्याने त्या दिवशी चाखूच नये.