गुलाबी पावडर काळी झाली पाहिजे, निळी नको!

गाडी थंड असताना स्टार्ट केली की पहिले काही मिनिटं सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त बाहेर पडतो, कारण या विषारी वायूचा CO₂ करणारा आतला प्लॅटिनम-पॅलेडियमवाला कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामाला लागतच नाही. त्यात हे धातू महाग. म्हणून त्यांच्या जागी कोबाल्ट ऑक्साइड वापरता येईल का यावर बरंच काम चालू असतं.

तो बनवायचा कसा? कोबाल्ट नायट्रेटचे लालसर गुलाबी खडे पाण्यात विरघळवायचे आणि अ‍ॅल्युमिनाच्या (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) पांढऱ्या पावडरवर थेंब थेंब टाकत ढवळत राहायचं. पाणी मोजून. अ‍ॅल्युमिनाच्या बारीक छिद्रांत जेवढं मावतं तेवढंच, म्हणजे समजा 1 ग्रॅम पावडर अर्धा मिली पाणी पीत असेल तर 10 ग्रॅमला एकूण द्रावण 5 मिली, त्यापेक्षा जास्त झालं की चिखल. आणि 1 ग्रॅम कोबाल्ट पाहिजे तर नायट्रेट घ्यावं लागतं जवळजवळ 5 ग्रॅम, कारण बाकीचं वजन नायट्रेटचं आणि खड्यातल्या पाण्याचं.

मग वाळवणं, आणि इथंच खरी गंमत आहे. घामाचा शर्ट वाळला की मिठाच्या पांढऱ्या रेघा कडेलाच उमटतात ना, तसंच इथं होतं, पाणी बाहेर येताना कोबाल्टलाही ओढून आणतं आणि सगळा माल दाण्याच्या वरच्या थरात जमा होतो, आत कोबाल्ट जवळपास नाहीच! रिसर्च पेपरात ही पायरी एका ओळीत उरकतात, माझ्या मते हे चूक आहे.

नंतर भट्टीत 300 ते 400 डिग्रीला भाजायचं. नायट्रेट फुटून तपकिरी विषारी वायू निघतो, त्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्येच (वायू ओढून घेणारं लॅबमधलं कपाट), आणि गुलाबी पावडर काळी होते. काळी म्हणजे Co₃O₄, आपला कोबाल्ट ऑक्साइड, तयार, आपल्याला हवं ते हेच. पण लवकर उरकायला 800 डिग्री लावलं तर कोबाल्ट अ‍ॅल्युमिनाच्या आत घुसतो आणि पावडर निळी पडते, चित्रकार वापरतात तोच कोबाल्ट ब्लू. दिसायला झकास, पण या कामाला जवळपास बाद.

काळ्या ऑक्साइडचं काम असं चालतं: CO, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, कोबाल्टवर येऊन बसतो, शेजारचा ऑक्सिजन उचलतो, CO₂ होऊन निघून जातो आणि मागे राहिलेली रिकामी जागा हवेतला ऑक्सिजन भरून काढतो. चीनमधल्या दालियानच्या संशोधकांनी 2009 मध्ये याचे नॅनो (अतिसूक्ष्म) दांडे बनवले, त्यांच्यावर ही रिअ‍ॅक्शन चक्क उणे 77 डिग्रीलाही झाली!

मग गाड्यांत का नाही? पाणी. वाफेचे रेणू त्याच जागा अडवून बसतात आणि गाडीच्या धुरात वाफ तर भरपूर असते. त्यामुळे पेपरात कमी तापमानाचा झकपक आकडा दिसला की आधी बघा, गॅस कोरडा करून घेतला होता का.