सहा लाख घनमीटर हवा आणि एक टाळी

स्टॉकहोमच्या दक्षिण भागात एक प्रचंड पांढरा गोळा आहे. व्यास ११० मीटर, आतल्या मैदानापासून छतापर्यंत उंची ८५ मीटर. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी तो 'ग्लोब' या नावाने उघडला. २०२१ पासून नाव 'अविची अरीना' झालं, स्वीडनच्या दिवंगत डीजे अविचीच्या स्मरणार्थ. आइस हॉकीच्या सामन्याला इथे पावणेचौदा हजारांच्या वर माणसं बसतात, गाण्याच्या कार्यक्रमाला सोळा हजार. (स्वीडिश मंडळींनी देशभर पसरलेली सूर्यमालेची एक प्रतिकृती केली आहे, एकास दोन कोटी या प्रमाणात. तिच्यातला सूर्य म्हणजे हा ग्लोब. पृथ्वी ६५ सेंटीमीटरची आणि काही किलोमीटर लांब. हौसेला मोल नाही!)

बाहेरून गोळा देखणा आहे. आतल्या आवाजाचा विचार करणाऱ्याला मात्र घाम फुटावा असा आकार आहे.

समजा, ही वास्तू रिकामी आहे आणि तिची आतली बाजू उघड्या सिमेंटसारखी टणक आहे. मैदानाच्या मधोमध उभं राहून तुम्ही एक टाळी वाजवली. आवाज ८५ मीटर वर जाणार, छताला आपटून ८५ मीटर खाली येणार. एकूण १७० मीटर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे टाळी बरोब्बर अर्ध्या सेकंदाने परत कानावर येणार. शाळेच्या पुस्तकात स्वच्छ प्रतिध्वनीसाठी ०.१ सेकंदाचं अंतर पुरतं असं दिलेलं असतं. इथे त्याच्या पाचपट. या वेळात गायक पुढच्या दोन-तीन स्वरांवर पोचलेला असतो.

शिवाय छत सपाट नाही, गोल आहे. अंतर्गोल आरसा प्रकाश एकवटतो तसं अंतर्गोल छत आवाज एकवटतं. आरशाचं दहावीतलं सूत्र इथे जसंच्या तसं वापरता येतं. वक्रता त्रिज्या ५५ मीटर, आवाजाचा उगम छतापासून ८५ मीटरवर. उत्तर येतं छतापासून सुमारे ४१ मीटर. म्हणजे मैदानावरून निघालेला आवाज छतावरून परतताना हवेत, प्रेक्षकांच्या डोक्यांच्या बराच वर एकवटतो आणि तिथून पुन्हा पसरत खाली येतो. हे ग्लोबचं नशीब म्हणायचं. हेच केंद्र वरच्या रांगेतल्या खुर्च्यांवर आलं असतं, तर तिथल्या लोकांनी पैसे परत मागितले असते.

विजापूरच्या गोल घुमटात जाऊन 'ओ' देऊन आलेल्यांना हा प्रकार सांगायला नको. तिथे लोक मुद्दाम आवाज घुमवायला जातात. स्टॉकहोममध्ये शब्द कळावा म्हणून तिकीट काढतात. भौतिकशास्त्र एकच, गिऱ्हाईक वेगळं.

प्रतिध्वनीपेक्षाही चिवट दुखणं म्हणजे निनाद. मूळ आवाज थांबल्यावरही भिंती-छतांवर शेकडो वेळा आपटत राहिलेल्या आवाजाचं ते शेपूट. ते मोजायचं कसं, हे जगाला शिकवलं वॉलेस सॅबिन या हार्वर्ड विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे वक्त्याचं काहीच कळेना. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. पाठोपाठ आलेले दहा-बारा शब्द त्याच्यात कालवले जायचे. दुरुस्तीचं काम सॅबिनच्या गळ्यात पडलं. रस्ते शांत झाले की रात्री तो आणि त्याचे मदतनीस जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, व्याख्यानगृहात मांडत, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजत. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी. आधुनिक ध्वनिशास्त्राचा पाया असा उसन्या गाद्यांवर घातला गेला.

त्यातून निघालेलं सूत्र अगदी सोपं आहे. सभागृहाचं घनफळ (घनमीटरमध्ये) घ्या, ०.१६१ ने गुणा, आतल्या एकूण शोषणाने भागा. निनादाचा काळ सेकंदांत मिळतो. शोषण मोजायचं ते उघड्या खिडकीच्या भाषेत. एक चौरस मीटरच्या उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ते एक एकक. गादी, पडदा, माणूस, प्रत्येकाची किंमत 'इतकी उघडी खिडकी' अशी काढायची. खुर्चीत बसलेला माणूस, कपड्यांसकट, मधल्या स्वरांसाठी ढोबळमानाने अर्धा चौरस मीटर धरता येतो.

आता हा हिशेब ग्लोबला लावून पाहू. त्याचं घनफळ सुमारे ६ लाख घनमीटर सांगतात. त्यातला काही भाग गॅलऱ्यांखालच्या खोल्यांत गेला असेल, पण अंदाजाला चालेल. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाला निनाद अडीच सेकंदांवर आणायचा म्हटलं, तर साधारण ३८ ते ३९ हजार चौरस मीटर उघडी खिडकी हवी. आणि ११० मीटर व्यासाच्या अख्ख्या गोलाचं पृष्ठफळ किती? ३८ हजार चौरस मीटर. म्हणजे कागदावर तरी सबंध कवचच काढून टाकायला हवं! सोळा हजार प्रेक्षक मिळून यातले आठ हजार देतात. उरलेला भार छताखालच्या भोकं पाडलेल्या पत्र्यांनी, त्यांच्यामागच्या खनिज लोकरीने, टांगलेल्या पट्ट्यांनी आणि गादीच्या खुर्च्यांनी उचलायचा.

अरीनात सगळं आडवं येतं ते यामुळेच. सॅबिनच्याच सल्ल्याने बांधलेला आणि १९०० मध्ये उघडलेला बोस्टन सिम्फनी हॉल जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो. तिथे एका श्रोत्याच्या वाट्याला सुमारे ७ घनमीटर हवा येते. ग्लोबमध्ये येते ३७-३८ घनमीटर. आवाज खाणारं तोंड एकच, पण घुमणारी हवा पाचपट. लोक 'या हॉलचा साउंड बेकार आहे' म्हणून ऑपरेटरला शिव्या घालतात; बऱ्याचदा दोष घनफळाचा असतो.

एवढ्या मोठ्या पोकळीत वरच्या पट्टीतले स्वर तर हवाच गिळते. चार हजार हर्ट्झच्या आसपास खुद्द हवेचं शोषण हजारो चौरस मीटर भरतं. मागे उरतो बेस. साठ हर्ट्झच्या ढोलाच्या ठोक्याची तरंगलांबी साडेपाच मीटरच्या वर जाते. भिंतीवर पाच सेंटीमीटर लोकर लावली तर अशा लाटेला ती जाणवतही नाही. तिच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे दीड मीटरच्या आसपास, खोली हवी. माणसंही बेसच्या बाबतीत कुचकामी, मधल्या आणि वरच्या स्वरांच्या मानाने फारच कमी शोषतात. डेन्मार्कचे निल्स अ‍ॅडेलमन-लार्सन यांनी तिथल्या रॉक-पॉपच्या सभागृहांचा अभ्यास केला, तेव्हा वादकांना आवडलेली आणि नावडलेली सभागृहं वेगळी निघाली ती मुख्यतः खालच्या स्वरांच्या निनादावरून. गिटार खुसखुशीत आणि ढोल चिखलात, ही तक्रार तिथली.

मग सगळीकडे जाड लोकर भरून टाकावी का? तर खेळवाले आडवे येतात. हॉकीच्या गोलनंतर छप्पर उडेल असा गजर हवा असतो, आणि तो घुमल्याशिवाय गजर वाटत नाही. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुंबाची चढाई पाहिलेल्याला विचारा. तीही गोल छपराखालची जागा, ग्लोबपेक्षा बरीच लहान. शेजारचा घोष ऐकून माणूस आपोआप आवाज चढवतो, तो ऐकून पलीकडचा आणखी चढवतो. मृत, कोरड्या सभागृहात हे चक्र लवकर थंड पडतं. म्हणून प्रत्येक अरीना शेवटी तडजोड असते, आणि माझं मत विचाराल तर ती बहुतेक वेळा खेळाच्या बाजूला झुकलेली असते, कारण हंगामभर सामने ठरलेले असतात.

तडजोडीची कसर स्पीकरवाले भरून काढतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ हाइल यांनी 'लाइन अरे' व्यवहारात आणला. कार्यक्रमात स्टेजच्या दोन बाजूंना केळफुलासारखे वाकलेले स्पीकर टांगलेले दिसतात, तो हाच प्रकार. एकट्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने पडतो. एकाखाली एक जोडलेल्या रांगेचा काही अंतरापर्यंत ३ डेसिबलनेच पडतो, शिवाय तो वरखाली फारसा सांडत नाही. छताकडे आवाज पाठवलाच नाही, तर छत परत काय देणार? मागच्या प्रेक्षकांसाठी मध्ये आणखी स्पीकर टांगतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात. ऐंशी मीटरवर हा उशीर पाव सेकंदाच्या जवळ जातो.

साउंडचेक दुपारी रिकाम्या अरीनात होतो, ही आणखी एक गोम. संध्याकाळी सोळा हजार माणसं येतात, प्रत्येकी शंभरएक वॉट उष्णता सोडत. एकूण १.६ मेगावॉट. हॉकीच्या हंगामात बर्फ वितळवत बसत नाहीत, त्याच्यावर उष्णतारोधक फळ्या अंथरतात आणि त्यांवर प्रेक्षक उभे राहतात. खाली थंड, वर गरम असे हवेचे थर झाले की आवाजाची लाट थंड बाजूकडे वाकते. दुपारी जुळवलेलं गणित रात्री पुन्हा जुळवावं लागतं.

जगातली सर्वात मोठी गोलाकार इमारत हा मान ग्लोबकडे २०२३ पर्यंत होता. त्या वर्षी २९ सप्टेंबरला लास व्हेगासमध्ये 'स्फिअर' उघडलं, १५७ मीटर रुंद. तिथे गोल कवचाच्या आतून जवळजवळ १५ हजार चौरस मीटरचा एलईडी पडदा आहे आणि स्पीकर त्या पडद्याच्या मागे लपलेले, सुटे मोजले तर दीड लाखाहून जास्त. प्रत्येकाला केव्हा आणि किती वाजायचं हे संगणक सांगतो, त्यांच्या लाटा मिळून आवाजाचा झोत तयार होतो आणि तो नेमक्या खुर्च्यांवर टाकता येतो. गोलाकाराची अडचण लाइन अरेच्या पुढे जाऊन अशी हाताळली आहे.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे मारामारीच्या खेळाची, यूएफसीची, स्पर्धाही झाली. ओरडणाऱ्या हजारो गळ्यांना मात्र कुठलाच संगणक दिशा देत नाही. तो आवाज चहूकडे जातो, कवचाला आपटतो आणि विरायला लागतो तितका वेळ घेतो. त्याच्यासाठी घनफळ, ०.१६१ आणि उघड्या खिडक्या हाच हिशेब अजून लागू आहे.