पोहण्याचा डायपर

पोहण्याचा डायपर (तरण-लंगोट) : शी-शूवर ताबा न आलेल्या लहान मुलांना पाण्यात उतरवताना घालायचा, कंबरेला व मांड्यांना घट्ट बसणारा लंगोट. घट्ट शी पाण्यात सुटू न देणे एवढेच त्याचे काम. लघवी तो धरून ठेवत नाही. एकदा वापरून टाकायचा आणि धुऊन पुन्हा वापरायचा असे त्याचे दोन प्रकार आहेत.

उगम : याविषयी एकमत नाही. काही लेखक त्याचा वंश अमेरिकेतील मॅरियन डोनोव्हन यांच्या ‘बोटर’ या जलरोधक आवरणापर्यंत नेतात. हे आवरण त्यांनी प्रथम न्हाणीघराच्या पडद्याच्या कापडातून शिवले; त्याचे एकस्व (पेटंट) १९५१ साली मिळाले. ब्रिटनमध्ये व्हॅलेरी हंटर गॉर्डन यांची ‘पॅडी’ ही चड्डी साधारण १९४०च्या दशकाच्या अखेरची. तिच्या आत एकदा वापरून टाकायची छोटी गादी बसवत. परंतु या दोन्हींचा हेतू ओल आत कोंडून अंथरूण-कपडे कोरडे ठेवण्याचा होता. पोहण्याच्या डायपरमध्ये पाणी आत-बाहेर होणार हे गृहीतच धरलेले असते. त्यामुळे त्याचा उगम वेगळा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८०च्या दशकात नेहमीच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हे अतिशोषक बहुवारिक (पॉलिमर) आले. असा डायपर तलावात उतरताच पाणी पिऊन फुगतो, जड होऊन खाली ओघळतो आणि फाटला तर त्यातील जेलीसारखे कण पाण्यात पसरतात. ही अडचण उभी राहिल्यावर शोषक गाभा नसलेल्या टाकाऊ डायपरची गरज निर्माण झाली. किंबर्ली-क्लार्क या अमेरिकी कंपनीचा ‘लिटिल स्विमर्स’ हा त्याचा परिचित नमुना साधारण १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातला.

जंतुरोधाची मर्यादा : डायपर घातला की पाणी सुरक्षित राहते, हा समज चुकीचा आणि धोक्याचा आहे. पातळ जुलाब कापडातून व कडांतून काही मिनिटांत पाण्यात उतरतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंतूंएवढ्या आकाराचे सूक्ष्म मणी वापरून हीच गळती तपासली गेली. सर्वांत चिवट जंतू क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी. त्याच्या कवचबद्ध पेशी (ऊसिस्ट) सुमारे ४ ते ६ मायक्रोमीटर व्यासाच्या असतात. दर लिटरला १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, सामू (पीएच) ७.५ आणि तापमान २५° से. असताना ई. कोलाय ओ१५७ एका मिनिटाच्या आत मरतो, कावीळ-अ चा विषाणू सुमारे १६ मिनिटांत, जिआर्डिया सुमारे ४५ मिनिटांत. क्रिप्टोस्पोरिडियमला मात्र १५,३०० मिनिटे, म्हणजे दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे जुलाब होत असलेल्या बाळाला कोणत्याही डायपरमध्ये पाण्यात नेऊ नये. क्रिप्टोस्पोरिडियमची लागण ठरली असल्यास जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावे. लघवी पाण्यात मिसळतेच. तिच्याशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरअमाइने बनतात. डोळे चुरचुरतात ते बहुधा त्यांच्यामुळे.

निवड व वापर : माप वयावरून नव्हे, वजनावरून घ्यावे. मांडीजवळ फट दिसली तर माप मोठे आहे. लाल वळ उमटले तर लहान. डायपर पाण्यात उतरण्याच्या अगदी आधी चढवावा, नाहीतर वाटेतच कपडे आणि कडेवर घेणाराही ओला होतो. दर तासाला आत पाहावे आणि तलावाच्या काठावर न बदलता बाजूला, कपडे बदलण्याच्या जागी बदलावा. टाकाऊ प्रकार बाजूच्या शिवणी फाडून काढतात. चड्डीसारखा खाली ओढला तर शी पायांना माखते. धुण्याच्या प्रकारावर आणखी एक घट्ट आवरण घालण्याची रीतही आहे. हा डायपर बाळाला तरंगवत नाही, त्यामुळे मोठ्या माणसाचा हात सतत बाळावरच हवा.

नाशिकमध्ये : उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातील तरणतलाव, रिसॉर्ट आणि जलक्रीडा उद्याने गजबजतात. त्र्यंबक रस्त्यावरील महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव जुना व परिचित आहे. मोठ्यांच्या तलावाचे पाणी तान्ह्या बाळाला गार पडते. सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी सुमारे ३२° से. तापमानाचे पाणी योग्य मानले जाते. ओठ निळसर दिसू लागले किंवा बाळ कुडकुडले की लगेच बाहेर काढून टॉवेलात गुंडाळावे. ‘गंगेवर’, म्हणजे गोदावरीकाठच्या रामकुंड परिसरात, बाळाला घेऊन जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. तेथील वाहत्या पाण्याचे तलावासारखे क्लोरिनीकरण होत नाही, आणि बाळाच्या तोंडात जाणारे पाणी डायपर अडवू शकत नाही. तेथे बाळाला बुडी न देता पाय भिजवणे किंवा अंगावर चार थेंब शिंपडणे अधिक बरे; तेही घाट मोकळा असताना.

विल्हेवाट : घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेला डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा असे; आता तो वेगळा द्यायचा असतो. त्यातली शी आधी शौचकूपात टाकावी. घाटावर वापरलेला डायपर नदीत किंवा पायऱ्यांवर न सोडता पिशवीत बांधून घरी आणावा व घंटागाडीत वेगळा द्यावा.