हिस्टामीनचं कोडं आणि कॅल्शियम

दाह झालेली जागा लाल होते, तापते, कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात. पण दाहात सुटणारी बरीच रसायनं याच वाहिन्यांच्या गुळगुळीत स्नायूपेशींत कॅल्शियम वाढवतात, आणि कॅल्शियम वाढलं की स्नायू आवळतो. मग वाहिनी सैल पडते कशी?

हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांना १९१० मध्येच हे कोडं दिसलं होतं. हिस्टामीन हे दाहात सुटणारं रसायन दिलं की गर्भाशयाचा आणि श्वासनलिकांचा स्नायू आकसायचा, पण कुत्र्यामांजरांचा रक्तदाब कोसळायचा. कॅल्शियमशिवाय बेडकाचं हृदय धडधडत नाही, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवलं होतं. पण हे दोन धागे जुळायला फार वेळ लागला.

१९८० मध्ये ब्रुकलिनच्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं, की सशाच्या महाधमनीचं आतलं अस्तर शाबूत असेल तर असिटिलकोलीनने (मज्जातंतूंतून सुटणाऱ्या रसायनाने) ती सैलावते. अस्तर गेलं तर आवळते. तोवर धमनीच्या पट्ट्या कापताना ते नाजूक अस्तर नकळत घासून जायचं! अस्तरातून येणारा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झालं. हिस्टामीनचंही बरंचसं असंच. कॅल्शियम अस्तराच्या पेशीत वाढलं तर नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, शेजारच्या स्नायूपेशीत वाढलं तर आकुंचन.

पुढे एकाच पेशीतही हाच प्रकार निघाला. मार्क नेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये धमनीच्या स्नायूपेशीत कॅल्शियमच्या क्षणिक ठिणग्या टिपल्या. पेशीपटलालगत उडणाऱ्या या ठिणग्यांनी पटलातली पोटॅशियमची दारं उघडतात आणि स्नायू चक्क ढिला पडतो. कॅल्शियम किती, यापेक्षा ते कुठे, हे महत्त्वाचं ठरलं.

रेंगाळणाऱ्या दाहाची गोष्ट मात्र वेगळी, आणि माझ्या मते जास्त गंभीर. जपानमध्ये शिमोकावा यांच्या गटाने डुकरांच्या हृदयधमनीला बाहेरून इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह चेतवणारं प्रथिन लावून ठेवलं. काही काळाने तिथे हिस्टामीन किंवा सेरोटोनिन दिल्यावर धमनीला जोराचा आचका येई. अशा धमनीत ऱ्हो-कायनेज हे विकर (एन्झाइम) जास्त सक्रिय असतं. ते मायोसिन या स्नायू आवळणाऱ्या प्रथिनावरचा फॉस्फेट काढून स्नायू सैल करणाऱ्या विकराला अडवतं, त्यामुळे कॅल्शियम तेवढंच असूनही स्नायू जास्त आवळतो.

ऱ्हो-कायनेजला रोखणारं फासुडिल हे औषध जपानमध्ये १९९५ पासून मेंदूतील रक्तस्रावानंतरच्या आचक्यांवर वापरात आहे. सुरुवातीला ते पेशीच्या आतलं कॅल्शियमरोधक म्हणूनच ओळखलं जायचं; त्याचं खरं लक्ष्य ऱ्हो-कायनेज आहे, हे नंतर उमगलं.