केपच्या घाटातली वाइनवाट: मागची हकिकत

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की नागपूरकर कुठे पळायचं याचे बेत आखू लागतो, आणि अलीकडे त्या बेतांत दक्षिण आफ्रिकेचं नाव बरेचदा निघतं. कारण सरळ आहे. तिथे गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, स्टिअरिंग उजवीकडे. वर्धा रोडवर रोज गाडी हाकणाऱ्याला केप टाऊनला भाड्याची गाडी घेऊन निघायला फारसं बिचकायचं कारण नाही. तासाभरात स्टेलेनबॉश, पुढे हेल्सहूख्तेचा घाट, पलीकडे फ्रान्सहूकची दरी. द्राक्षांच्या रांगा, त्यांच्या मागे करडे कडे, मध्येच पांढऱ्या भिंतींची जुनी डच घरं. फक्त मे म्हणजे तिथली पानगळ, हे ध्यानात ठेवावं. हिरव्या वेली बघायच्या तर दिवाळीनंतर जावं. तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते.

या वाटेवरचे जुने घाट मात्र कुणी हौसेने फिरायला म्हणून बांधलेले नाहीत, आणि तिथला निवांतपणा तर फारच अलीकडचा.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणं वसवलं ते पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजी आणि मांस मिळावं म्हणून. ठाण्याचा प्रमुख यान फान रीबेक याने द्राक्षाच्या वेली मागवल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी केपच्या द्राक्षांची पहिली वाइन गाळल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली. वीस वर्षांनी, १६७९ मध्ये, ठाण्याचा नवा प्रमुख म्हणून सिमोन फान डेर स्टेल आला आणि त्याने स्टेलेनबॉश वसवलं. या माणसाची आजी, म्हणजे आईची आई, गोव्याच्या किनाऱ्यावरची गुलाम बाई होती. मोनिका हे तिचं नाव कागदोपत्री आहे. स्टेलेनबॉशला जाणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट कुणी सांगत नाही, पण ती आधी सांगायला हवी असं मला वाटतं.

१६८८ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेले प्रोटेस्टंट, म्हणजे ह्यूगेनॉट, आले आणि त्यांना फ्रान्सहूकच्या दरीत जमिनी मिळाल्या. तेव्हा तिथे हत्तींचा राबता होता. माहितीपत्रकांत ह्यूगेनॉटांवर पानंच्या पानं असतात. वेली लावल्या, छाटल्या, द्राक्षं तुडवली कुणी, यावर एखादी ओळ. वसाहतीच्या सुरुवातीपासून १८०८ पर्यंत सुमारे ६३,००० गुलाम केपला आणले गेले, आणि त्यांतले साधारण पाव भारतीय उपखंडातले होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बंगाल, कोरोमंडल, मलबार ही गावं-मुलखांची नावंच त्यांना आडनावासारखी चिकटली. बंगालची अँजेला ही त्यांतली एक. ती फान रीबेकच्या घरात होती, १६६६ मध्ये मुक्त झाली, पुढे केप टाऊनमध्ये तिला स्वतःची जमीन मिळाली. तिच्यासारखं नशीब थोड्यांचंच. काहींना ज्या महिन्यात आणलं त्या महिन्याचं नाव देत, आणि सप्टेंबर, फेब्रुवारी अशी आडनावं केपमध्ये आजही भेटतात.

१८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं राबवून घेतलं गेलं. हेल्सहूख्ते उतरताना सिमन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याशी पनिएल नावाचं छोटं गाव लागतं. मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८४३ मध्ये वसवलेली ही मिशनची वस्ती. बहुतेक गाड्या इथून न थांबता पुढच्या वाइनरीकडे जातात. माझा सल्ला विचाराल तर थांबावं.

आता रस्त्यांकडे. फ्रान्सहूकवरून चढणारा घाट मुळात हत्तींच्या पायवाटेवर आहे. १८२० च्या दशकात, केप ब्रिटिशांकडे गेल्यावर, गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेटच्या काळात मेजर हॉलोवे या लष्करी इंजिनिअरने तो बांधून घेतला, मजूर म्हणून सैनिक लावले. त्या कामातला यान ज्युबेर्सगाट हा दगडी कमानीचा छोटा पूल अजून वाहतूक सोसतो. नजर कड्यांवर असली तर तो कधी ओलांडला हे कळतही नाही. वेलिंग्टनजवळचा बेन्स क्लूफ घाट त्याहून कष्टाचा. अँड्र्यू गेडेस बेन हा स्कॉटिश माणूस धंद्याने खोगीर बनवणारा, इंजिनिअरिंग कुठे शिकलेला नाही, पण त्याने कैद्यांकडून चार वर्षांत घाट फोडला. १८५३ मध्ये तो खुला झाला. केप टाऊनचा माल आतल्या मुलखात बैलगाड्यांनी जावा, एवढाच त्यामागचा हेतू.

१८८६ मध्ये केपच्या वेलींना फायलॉक्सेरा लागला. मुळांतला रस शोषणारी ही बारीक कीड. युरोपातले मळे तिने आधीच झोपवले होते. उपाय काय निघाला हे काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला चटकन कळेल: आपण जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो, तसं किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपची जात बांधायची. पण तोवर किती तरी शेतकरी बुडाले. त्यांच्या जमिनी १८९७ पासून सेसिल ऱ्होड्स या हिरेखाणींच्या धनाढ्य मालकाने, केपच्या माजी पंतप्रधानाने, स्वस्तात घेतल्या आणि तिथे फळबागा लावल्या. पनिएलच्या पुढे लागणारं बोशेनडाल त्यांतलंच. नंतर उलटं संकट आलं, वाइन इतकी झाली की भावच उरेना. १९१८ मध्ये शेतकऱ्यांची केडब्ल्यूव्ही ही सहकारी संस्था निघाली ती त्यातून.

मजुरांना मजुरीचा भाग म्हणून दिवसातून अनेकदा स्वस्त वाइन पाजायची, ही 'डॉप'ची रीत गुलामीच्या काळापासून चालत आलेली. विसाव्या शतकात कायद्याने बंद होऊनही ती कित्येक मळ्यांवर चालू राहिली. गर्भातच दारूची बाधा झालेल्या मुलांचं प्रमाण या पश्चिम केप प्रांतात जगातल्या सर्वाधिक नोंदींपैकी आहे. शेजारी वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे दारूवर तावातावाने वाद घालायची आपल्याला सवय आहे. तिथला वाद मजुरीच्या हिशेबाचा होता.

मळ्यामळ्यांतून चाखत फिरण्यासाठी ठरवून आखलेली वाट, म्हणजे 'वाइन रूट', मात्र युरोपची कल्पना. जर्मनीतली १९३५ ची, नाझी राजवटीतली. पीक उदंड आणि ज्यू व्यापाऱ्यांना हुसकून लावलेलं, म्हणून माल खपवायला आखलेली. फ्रान्समधल्या अल्सासची १९५३ ची. अशाच एका फ्रेंच वाटेवर फिरून आल्यावर स्टेलेनबॉशजवळच्या सिमॉन्सिग मळ्याच्या फ्रान्स मलानने स्पीअर आणि डेलहाइम या मळ्यांच्या दोन शेजाऱ्यांना हाताशी धरलं आणि १९७१ मध्ये स्टेलेनबॉशची वाट सुरू केली. म्हणजे आपण ज्याला निवांत भटकंती म्हणतो तिला जेमतेम अर्धशतक झालंय, आणि तीही वर्णभेदाच्या ऐन भरात सुरू झालेली. पार्ल आणि फ्रान्सहूकच्या मधल्या रस्त्यावर तेव्हाचा व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंग लागतो. ११ फेब्रुवारी १९९० ला मंडेला इथूनच बाहेर पडले. फाटकाशी त्यांचा मूठ उंचावलेला पुतळा आहे, आजूबाजूला द्राक्षमळे.

चाखायचं आणि गाडीही चालवायची, हे जमत नाही. फ्रान्सहूकमध्ये त्यासाठी २०१२ पासून वाइन ट्राम आहे. दरीत १९०४ मध्ये आलेल्या रेल्वेच्या जुन्या रुळांवरून ती मळ्यांच्या दारात नेते. गाडी गावात लावून ठेवावी.